खडूची खूण आणि लसीचा डबा

मी एक जुना निळा डबा आहे, पण मित्रांनो, जेवणाचा नव्हे. माझ्या पोटात बर्फ असतो आणि बर्फात लसीच्या इवल्याशा बाटल्या. नवा होतो तेव्हा दवाखान्यात माझा काय तोरा होता! आता झाकण करकरते, पट्टाही दोनदा शिवून झाला. ते असो. मला सांगायचे आहे ते आमच्या नर्सताईंविषयी. वर्षानुवर्षे त्यांनीच मला खांद्यावर वागवले.

घरोघरी पोरांना पोलिओच्या लसीचे थेंब पाजायचे आणि दारावर खडूने खूण करायची, अशी आमची रीत. एकदा नाल्याकाठच्या वस्तीत गेलो, तर दारे धडाधड बंद झाली. हे थेंब गरिबांचा वंश बुडवायला आणलेत, अशी आवई उठली होती. तिथला पुढारी त्या आगीत तेल ओतत होता. लोक थेंबांवर चिडले, की नळाला पाणी का नाही हे त्याला कुणी विचारत नसे. इकडे शेजारच्या गल्लीत एका पोराचा पाय लुळा पडला होता. ताईंच्या जिवाला घोर लागला.

"पोलीस बरोबर देतो," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

"नको, साहेब. मग तर त्यांना ते खरंच वाटेल."

दुसऱ्या दिवशी ताई एका उंबऱ्यावर जाऊन बसल्या. आत एक आजी नातीला पोटाशी धरून होती.

"आजी, मी वाद घालायला नाही आले. भीती कशाची वाटते, तेवढं सांगा."

"तुमच्या खडूची," आजी म्हणाली. "मागच्या साली साहेब लोक असंच दारावर लिहून गेले. मग मशीन आलं आणि माझ्या लेकाचं घर पाडलं. आम्ही तुम्हाला इथे नकोच आहोत, तर थेंब तरी चांगले कशाला द्याल?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी खडू आजीच्या हातात ठेवला. "तुमच्या लेकाचं घर पाडलं, ते वाईटच झालं. पण माझ्या लेकीलाही मी हेच थेंब पाजलेत. खूण नाही करत. वर काय सांगायचं ते मी बघते."

आजीने खडू उंबऱ्यावर ठेवला. मग नातीला म्हणाली, "आ कर गं."

थेंब पाजून झाले, तशी आजी चपला घालून बाहेर आली. "दारं कोरीच राहू देत. मी येते बरोबर, मला बघून उघडतील."

त्या दिवशी मी रिकामा परतलो. ताईंचा मला केवढा अभिमान वाटला! मित्रांनो, भलतेच काही मानणाऱ्याला वेड्यात काढू नका. आधी त्याच्या उंबऱ्यावर बसा आणि त्याचे घर कुणी पाडले, ते विचारा.