चौथऱ्यावर चढवलेली म्हैस

मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी शिंगं गंजून पडोत!

मी एक जुनी लोखंडी म्हैस आहे. मला ओतलं ना, तेव्हा नदी घाबरून तीन कोस मागे सरकली होती. चीनमधल्या शाकोऊ शहराच्या बांधावर मी पाण्याकडे तोंड करून बसलेय. पुढे गढूळ नदी, मागे शहर, चहूकडे लसणाची शेतं. शहर कसलं, लसूण खाऊन ढेकर देणाऱ्यांचा बाजार! ऐट मात्र राजधानीची.

माझं काम सोपं. पाणी माझ्या हनुवटीला लागलं, की लोकांनी शहराच्या वेशीच्या खाचांत फळ्या टाकायच्या अन् मागे माती भरायची. चारशे वर्षं हे बिनडोकांनाही जमलं.

मग शहराचे नवे अधिकारी फान साहेब आले. "एवढी मानाची म्हैस चिखलात? छे!" म्हणाले, अन् मला पुरुषभर उंच संगमरवरी चौथऱ्यावर चढवलं. सगळ्या शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वेशीच्या फळ्या सांभाळणारी मियाओ आजी तेवढी बोलली, "साहेब, पाणी आता हिच्या हनुवटीला लागेपर्यंत आम्ही काय झाडावर बसायचं?"

"आजी, तुम्ही लसूण सोला."

त्या वर्षी पावसाच्या तोंडाला वेशीजवळची गल्ली नव्या लसणानं गच्च भरली होती. गावोगावची वर्षाची कमाई. अन् नदी फुगली. फान साहेबांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "अजून खुरालाही पाणी नाही. वाढा जेवण!"

इकडे पाणी वेशीच्या पायरीला लागलेलं. मियाओ एकटी फळी ओढत होती, ती काही हलेना. तेव्हा मी अशी हंबरले, अशी हंबरले, की गल्लीतल्या बायका हातातला घास टाकून धावल्या.

"बघता काय? उचला!" मियाओ म्हणाली.

"अन् साहेबांच्या हुकमाशिवाय?" एकीनं विचारलं.

"साहेबांना पोहता येतं गं. तुझ्या लसणाला येतं का?"

धडाधड फळ्या पडल्या, माती पडली. पाणी बाहेरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या गळ्यात लाल कापडाचं फूल बांधलं. "म्हशीनं शहर वाचवलं!" पुन्हा टाळ्या. अन् मी अजून चौथऱ्यावरच!

मित्रांनो, मला खाली उतरवा, चिखलात बसवा. मान नको, काम द्या.

आणि हो, शिंगांना खाज सुटलीय म्हणून सांगते. हंबरले ती मी नव्हते. लोखंड कुठं हंबरतं? तो मियाओचा आवाज होता. फूल तेवढं माझ्या गळ्यात आहे.