नावांच्या रांगेखालचे कोरे पान

मी एक जुने, कोरे पान आहे. कागदाचे नव्हे, मित्रांनो, संगणकाच्या स्मृतीतले. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. माझ्यावर आजवर कोणी एक अक्षरही लिहिलेले नाही.

न्खाटा बे या बंदरगावाच्या उतारावर, तळ्याकडे तोंड करून, वाऱ्याचा इशारा देणारे एक लहान कार्यालय आहे. म्वेरा हा दक्षिणेचा वादळी वारा सुटणार असला की तिथला संगणक होड्यांवरच्या फोनना निरोप पाठवतो. त्यासाठी आत अनेक धागे, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची वेगवेगळी कामे, एकाच वेळी चालतात, गावागणिक एक. सर्वांत दूरच्या होडीला निरोप आधी मिळावा म्हणून धागा गावातली नावे स्मृतीतल्या आपल्या चळतीत रचत शेवटापर्यंत जातो आणि मागे फिरताना एकेकाला कळवतो. ही चळत वरून खाली वाढते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची कारभारीण. ती प्रत्येक चळतीला ऐसपैस जागा राखून देते, पण खरी स्मृती पुरवते ती पानापानाने, म्हणजे ठरावीक तुकड्यांनी, धागा पोचेल तिथवरच. राखलेल्या जागेच्या तळाशी ती एक पान ठेवते. त्याला स्मृती कधीच मिळत नाही. ते पान मी. माझ्याखाली लगेच शेजारच्या गावाची चळत असते.

मला जो शिवेल, तो प्रोग्रॅम तिथेच मरतो. मग कार्यालयात घंटा वाजते आणि माणसे हाताने फोन करायला धावतात. अशी कितीतरी वर्षे कोणी मला शिवले नाही, आणि कोणी माझी आठवणही काढली नाही. याहून चांगले दिवस मी पाहिले नाहीत.

मग माझ्या वरच्या चळतीच्या वाट्याला एक नवे गाव आले. नोंदणीच्या कागदावर प्रश्न होता: तुमच्यानंतर कोणाला कळवायचे? शेवटच्याने ती ओळ रिकामी सोडायची होती. पण हेझेकिया चिरवा या म्हाताऱ्या कोळ्याने तिथे गावातल्या पहिल्याच माणसाचे नाव लिहिले. रांगेचे वर्तुळ झाले. धागा नावे रचत उतरत राहिला आणि मला येऊन धडकला.

संगणकाचे काम पाहणाऱ्या सुझगोने हजार नावांनंतर मागे फिरण्याची सूचना घातली. हजार नावे आमच्या चळतीत मावत नव्हती. धागा पुन्हा मला धडकला.

"मॅडम, खाली एक रिकामं पान आहे, तेच आडवं येतंय," सुझगो म्हणाला. "काढून टाकतो."

"दार डोक्याला लागतं म्हणून भिंत पाडणार का तू?" कार्यालयाच्या प्रमुख लुसुंगू न्यिरेंडा म्हणाल्या.

"भिंत कसली? त्यात काहीच नाही. दर वेळी घंटा वाजते, अन् बोलणी मला बसतात."

त्याने मला काढले. दुसऱ्या दुपारी म्वेरा सुटला. वरच्या धाग्याची नावे माझी जागा ओलांडून खाली सांडली आणि शेजारच्या गावाच्या फोन नंबरांवर पडली. मग धागा हजारावरून शहाण्यासारखा मागे फिरला. शेजारच्या गावाचे निरोप कुठल्याच फोनचे नसलेल्या नंबरांना गेले. पडद्यावर आले, सर्व निरोप पाठवले. घंटा वाजली नाही.

त्या गावाच्या होड्या परतल्या, एक सोडून. तीत खुंबो म्हांगो एकटाच होता.

सुझगोने मला पुन्हा जागेवर ठेवले. चार दिवसांनी हेझेकियाला त्याने बोलावून घेतले.

"अगोगो, आजोबा, शेवटची ओळ रिकामी सोडायची होती हो."

"रिकामी?" म्हातारा म्हणाला. "म्हणजे माझ्यामागं कुणी नाही, असं माझ्याच हातानं लिहू? बायको गेली, पोरं जोहान्सबर्गला. एवढं तरी नको रे लिहायला लावू."

"तुमची चूक नाही. मी विचारायला हवं होतं." सुझगोने कागद पुढे ओढला. "मग आता कोणाचं नाव घालू?"

"शेजारगावच्या खुंबोचं घाल. फोन त्यानं त्या दिवशी घरी बायकोकडं, टेमवाकडं ठेवला होता, नवं गाणं भरून दे म्हणून. निरोप आला असता तर तिनं किनाऱ्यावर धावत जाऊन त्याला खूण केली असती. ती अजून चार्ज करते. निरोप आला तर तिला बरं वाटेल."

"आणि खुंबोनंतर?"

"ते तू ठरव. तू शिकलेला."

सुझगोने खुंबोच्या नावापुढे या कार्यालयाचेच नाव लिहिले. ते आले की धागा मागे फिरतो. आता रांगेला शेवट आहे, आणि तरी ओळ रिकामी नाही.

पण मित्रांनो, चळतीचा एक गुण तुम्हांला ठाऊक नसेल. धागा मागे फिरतो तेव्हा रचलेली नावे पुसत नाही, नुसती सोडून जातो. पुढचे काही वर येऊन पडेपर्यंत ती तशीच राहतात. खुंबोच्या नावावर येऊन पडण्याइतके खोल सहसा कोणी उतरत नाही. म्हणून वारा निवला तरी तो वरच्या अंधारात पडून असतो. मला वाचता येत नाही. तरी तो तिथे आहे, हे मला विसरता येत नाही. कारण त्या दुपारी तो माझ्याखालच्या चळतीत होता, आणि मी मात्र जागेवर नव्हते.

तुम्ही मोठे व्हाल, यंत्रे घडवाल. तेव्हा काहीच न करणारी एखादी रिकामी जागा तुमच्या वाटेत आडवी येईल. तिला काढण्यापूर्वी, तिच्याखाली कोण राहते, एवढे एकदा वाकून पाहा.