घोड्याचा दात आणि गंजका खिळा

मी एक जुनी चाळणी आहे, मित्रांनो. पिठाची नव्हे, मातीची. तुश्तला गावच्या सुताराने लाकडी चौकटीवर तारेची जाळी ठोकली आणि मला मेक्सिकोतल्या ग्रिहाल्वा नदीकाठच्या खोदकामावर धाडलं. तिथे मी दोन्या कूकाच्या, म्हणजे कूकाबाईंच्या, हाती पडले, हे माझं भाग्यच. ही म्हातारी मजूरबाई मला अशा लयीत हलवायची की मला स्वतःचं वजनच जाणवायचं नाही.

खोदकाम थेनचं होतं. थेन अमेरिकेतल्या यूटामधला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा. या खंडात फार पूर्वी घोडे, रथ आणि मोठमोठी शहरं असलेले लोक होते, असं त्याच्या धर्मग्रंथात आहे. त्यातलं एक तरी शहर शोधायला तो आला होता. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या गावात महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उपाशीपोटी प्रार्थनाघरात जमतात आणि एकेक जण उभा राहून "हे मला ठाऊक आहे" म्हणत आपली श्रद्धा सांगतो. वडिलांनी डोळे मिटण्याआधी एकदा तिथे उभं राहून शहर सापडल्याचं सांगावं, एवढीच थेनची इच्छा होती.

तीन वर्षं मी माती चाळली. खापरं मिळाली, मणी मिळाले, मक्याचे जळके दाणे मिळाले. थेन प्रत्येक वस्तू ग्रंथातल्या ओळींशी जुळवून पाहायचा. काही केल्या जुळेना.

"कॉफी पीत नाहीस ना, म्हणून झोपेत शोधतोस," कूका चिडवायची. त्यांच्या धर्मात कॉफी वर्ज्य. तो हसून मक्याच्या पोसोलचा वाडगा तोंडाला लावायचा.

एके सकाळी खड्ड्याच्या तळातल्या मातीतून माझ्या जाळीवर घोड्याचा दात आला. थेन गुडघ्यांवर बसून रडू लागला. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे माणसांनी घोडे पाळल्याची एकही खूण कुणाला मिळाली नव्हती.

कूकाने त्याच टोपलीतली उरलेली माती चाळली. टण्ण! नालेचा गंजका खिळा.

"अगं बाई! हा तर स्पॅनिश लोकांच्या वेळचा. उंदराच्या बिळातून घसरला असेल खाली, दातासकट."

थेनने खिळा उचलला आणि टाकाऊ मातीच्या ढिगावर फेकला. कूका तिथवर गेली, तो वेचून आणला आणि पुन्हा माझ्यात ठेवला.

"पोरा, चाळणीने धरलंय ते तू सोडू नकोस."

"दोन्या, बाबांना काय सांगू मी?"

"जे निघालं ते."

थेनने दात आणि खिळा एकाच पिशवीत घातले, चिठ्ठीवर दोन्हींची नावं लिहिली आणि वडिलांना पत्र धाडलं.

दीड महिन्याने उत्तर आलं. थेनने ते कूकाला माझ्याजवळ बसून वाचून दाखवलं. "लोकांनी मला खुर्चीतून उचलून नेलं. पहिल्या रविवारी मी उभा राहिलो. शहर सापडलं नाही, हे सांगितलं. मग म्हटलं, माझा मुलगा खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे."

आता मी संग्रहालयाच्या पडवीत असते. जाळी गंजली आहे, तरी मी कृतज्ञ आहे, त्या सुताराची, कूकाची आणि थेनचीही. मित्रांनो, माझी तार तुटली तर जरूर सांधा. फक्त एक विनंती आहे. हवं तेच उरावं म्हणून माझी भोकं कधी मोठी करू नका.