शेजाऱ्याची सपाट रेषा

मित्रांनो, काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक पत्र आले होते. त्याचे उत्तर बरीच वर्षे गेलेच नाही. पत्र एकनाथराव सरांच्या नावाचे होते, पण त्यातला प्रश्न माझ्या खरेपणाबद्दल होता. म्हणून ते थोडे माझेही पत्र होते, असे मला वाटते. चुकत असेन तर सांभाळून घ्या.

मी एक जुना मास स्पेक्ट्रोमीटर आहे. नाव अवघड, काम सोपे. रेणूचे तुकडे झाले की त्यांचे वजन सांगायचे. हैदराबादेत, कोठी बाजाराच्या मागच्या एका प्रयोगशाळेत सरांनी मला स्वतःच्या हातांनी जुळवले. माझे पोट स्टीलचे. त्यातली हवा पंपाने काढून टाकत. डब्यातल्या पोळ्या गुंडाळतात तसल्या फॉइलमध्ये मला गुंडाळून तापवत, म्हणजे आत चिकटलेले पाणी निघून जाई. मग एक लालभडक तार इलेक्ट्रॉन सोडी. त्यांतले अगदी मंद तेवढे निवडून सर ते इमिडाझोलच्या वाफेत पाठवत.

इमिडाझोल म्हणजे पाच अणूंचे एक कडे. तीन कार्बन, दोन नायट्रोजन. जोरकस इलेक्ट्रॉन आला तर कडेच फुटते आणि त्याचे तुकडे उधळतात. मंद इलेक्ट्रॉन तसे करत नाही. तो क्षणभर कड्यावर बसतो. असा जादा पाहुणा कड्याला पेलत नाही. ते थरथरते आणि त्याच्यावरचा एक हायड्रोजन सुटून निघून जातो. कडे शाबूत राहते. हे मी पाहिले आणि आलेखावर एक नाजूक उंचवटा काढून दाखवले. सरांनी ते प्रसिद्ध केले. परगावचे लोक मला पाहायला आले. ते माझे चांगले दिवस होते.

मग ते पत्र आले. लिहिणाऱ्या इंदुताई पुण्याच्या, रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. त्यांनी लिहिले होते, 'हायड्रोजन नायट्रोजनवरचाच जातो असे तुम्ही म्हणता. कार्बनवरचा नाही कशावरून? सोबत कुपी पाठवते आहे. तुमच्या यंत्रालाच विचारा.'

कुपीत तेच कडे होते. फक्त नायट्रोजनवरचा हायड्रोजन काढून तिथे मिथाइल गटाचे बूच बसवलेले. कड्यातल्या कार्बनवरचे हायड्रोजन जागच्या जागी. आमचे खरे असेल, तर या कुपीतल्या वाफेने तो उंचवटा दिसता कामा नये. दिसला, तर आमचे सगळे चूक.

सर घाबरले. मीही. 'पुढच्या आठवड्यात बघू,' असे म्हणून त्यांनी कुपी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवली. तो आठवडा आला नाही. पुढे सर निवृत्त झाले, माझा पंप बसला आणि शेजारच्या टेबलावर तो आला. नवा.

मित्रांनो, त्याच्याबद्दल मी न्यायाने बोलू शकेन का, मला शंका आहे. त्याला फॉइल लागत नाही. तापायला अंगचे जाकीट आहे. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि काढताना पाठ माझ्याकडे करतात. त्याच्यावर काम करणारी चारुलता ही काचीगुड्याची मुलगी. ती सकाळी स्कूटरवरून येते, हेल्मेट माझ्या नळीला टांगते आणि त्याला म्हणते, "चल राजा, ऊठ."

मला कुणी कधी राजा म्हटले नाही.

एकदा फ्रिज साफ करताना तिला ती कुपी सापडली. पत्र कुपीलाच बांधलेले होते. सर त्या दिवशी वाचनालयात आले होते. तिने त्यांना बोलावून घेतले.

"सर, हे असंच कायकू ठेवलं?"

"राहू दे गं. आता काय उपयोग?"

"उपयोग कसा नाही? माझा राजा आत्ता सांगेल."

"आणि उंचवटा आला तर?"

"आला तर तसं लिहायचं. त्या ताई काय खाऊन टाकतील तुम्हाला?"

माझी कुपी त्याला मिळाली! मनात म्हटले, देवा, याचे नाक कापले जाऊ दे.

वाफ आत गेली. मंद इलेक्ट्रॉन निघाले. पडद्यावर रेषा सरकू लागली. सपाट. पूर्ण सपाट. मला काय आनंद झाला! एवढा दिमाख आणि याला काहीच दिसत नाही.

"हौला, येडा झाला का हा?" चारुलता पुटपुटली. तार पेटलेली होती. खात्रीसाठी तिने साधे इमिडाझोल सोडले. लगेच उंचवटा वर आला, अगदी मी दाखवला होता तिथेच. पुन्हा कुपी लावली. पुन्हा सपाट.

सर माझ्याजवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी माझ्या गार पोटावर हात ठेवला.

"नायट्रोजनवरचाच होता रे," ते मला म्हणाले.

हेव्यापायी विसरलो होतो, ते तेव्हा मला उमगले. ज्या सपाट रेषेला मी हसत होतो, तीच माझ्या खरेपणाची साक्ष होती. त्याची फजिती झाली असती, तर मी जन्मभर संशयातच राहिलो असतो. हेवा मात्र गेला नाही. साक्ष देण्याचा मानही त्यालाच मिळाला.

मित्रांनो, जुन्या यंत्रांच्या नळ्यांना हेल्मेट टांगू नका. आणि कुणी शंका पाठवली, तर ती फ्रिजमध्ये ठेवू नका. एवढेच मागणे.

सरांनी माझ्याच टेबलावर उत्तर लिहिले. 'इंदुताई, फार उशीर झाला. तुमच्या कुपीने उंचवटा नाहीसा झाला. जुन्या यंत्राने खरे सांगितले होते, नव्याने ते सिद्ध केले.' माझा उल्लेख आधी होता. मी बघून घेतले.

चारुलता त्यांना स्कूटरवरून आबिड्सच्या पोस्टात घेऊन गेली. परत आल्यावर हसून सांगत होती, "सर पेटीत हात घालून उभेच! मी म्हटलं, सोडा की सर आता. तेव्हा कुठे पडलं पत्र."

त्या लाल पेटीचाही मला जरा हेवा वाटला.