लेखकाच्या रकान्यात

आमचा धंदा काचेचा. खिडक्या, आरसे, दुकानांच्या शोकेस, टेबलावरची काच, सांगाल ते. आता काच ही चीज कोणाच्या बापाचं ऐकत नाही. काच कापायची हिरकणी ओढली की या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जायचं. मध्येच थांबून कोपऱ्यात वळतो म्हणालात, तर बसा तुकडे झाडत. म्हणून एका मोठ्या शीटमधून पाच-पंचवीस गिऱ्हाइकांची मापं कशी बसवायची, हेच खरं डोकं खाणारं काम. मी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मांडून बघायचो. तरी तुकड्यांचं पिंप भरायचंच.

मग घरात सून आली. शिकलेली, कॉम्प्युटरवाली. सकाळी तिची नोकरी, आणि दुपारनंतर दुकानात येऊन माझ्या मागे मागे.

"बाबा, ही आधी आडवी का कापलीत?"

"बाबा, जाड काचेला कडेला जास्त का सोडता?"

मी म्हणायचो, "अगं बाई, मला काच कापू दे, नाहीतर बोट कापीन!" ती हसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. पगार नाही, काही नाही, आपली हौस. असं करता करता पोरीने दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. मापं टाकली की शीट कुठे, कोणत्या क्रमाने कापायची, त्याचं चित्र समोर हजर. पिंप भरेचना. आमचा भंगारवाला एकदा तोंड पाडून म्हणाला, "मालक, माझं काही चुकलं का? दुसरा कोणी धरलात?"

त्यानंतर काच कापायची मशीनं विकणारा एक जण आला. त्याने प्रोग्रॅम बघितला आणि म्हणाला, मशीनबरोबर हाही विकू या. सून म्हणाली, "आधी कॉपीराइटची नोंदणी करते, मग बोलू. उद्या कोणी उठून म्हणायला नको, हे आमचंच."

कागदांचं काम चिरंजिवांनी अंगावर घेतलं. आमचा मुलगा तसा टापटीप. त्याने अर्ज भरून माझ्यापुढे ठेवला. लेखकाच्या रकान्यात माझं नाव, मालकाच्या रकान्यात दुकानाचं.

"हे रे काय?" मी विचारलं.

"बाबा, दुकानातनं बाहेर जातो तो प्रत्येक माल तुमच्या नावाने जातो. हा का नाही जाणार?"

माझी छाती अशी फुगली, की शर्टाची बटणं सांभाळावी लागली. लेखक! मी शाळेला रामराम ठोकला तेव्हा मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. आता मी लेखक.

आमची ही चहा गाळत होती. न बघताच म्हणाली, "उद्या मी भाजी केली की तुमचंच नाव सांगत जा. टोपली तुम्हीच आणता ना बाजारातनं."

सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "असू दे हो आई. नाव बाबांचं काय, माझं काय, घरातच आहे." एवढं बोलून घडी घातलेला टॉवेल तिने परत उलगडला आणि परत घडी घालायला घेतली. ते काही मला बरं वाटलं नाही. पण अर्ज मी तसाच राहू दिला. बटणं अजून ताणलेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वकीलबाईंकडे गेलो. बाईंचं ऑफिस एवढंसं, पण टेबलावरची काच चांगली बसवलेली होती. कडा कोणीतरी मन लावून घासलेल्या. अर्जाबरोबर प्रोग्रॅमची सुरुवातीची आणि शेवटची काही पानं छापून द्यायची असतात. मुलाने ती आणली होती. बाईंनी चाळली.

"यात लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही? टिपाही नाहीत?"

सुनेने पानं ओढून घेतली. चेहरा उतरला तिचा. "माझ्या टिपा कुठे गेल्या? प्रत्येक फाइलच्या वर माझं नाव होतं. तू पुसलंस?"

"साफ केलं," मुलगा म्हणाला. "मध्ये मध्ये किती काय काय लिहिलं होतंस! आपण काच देताना मार्करची खूण पुसतो, बोटाचे ठसे पुसतो. असंच देणार होतीस सरकारला?"

वकीलबाई एवढ्या हसल्या, की चष्मा काढून पुसायला लागला. "अहो, ही काच नाही. इथे ठसेच तर हवेत! तुम्ही वापरता तोच प्रोग्रॅम द्या, टिपांसकट."

सून हसली नाही. म्हणाली, "ते माझं लिहिणं होतं." आवाज हळू होता, पण घरात आल्यापासून तिने एवढं ठामपणे 'माझं' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

नशीब, जुनी प्रत तिच्या लॅपटॉपमध्ये होती. बाईंच्या प्रिंटरवर पानं परत निघाली. मी एक उचललं. कॉम्प्युटरची भाषा मला काय कळणार, पण मध्ये मध्ये साध्या मराठीत ओळी होत्या. 'काच वळत नाही. बाबा सांगतात, कडेपासून कडेपर्यंत.' खाली आणखी एक, 'इथे बाबा ओरडतील, म्हणून आधी मोठा तुकडा काढा.'

"मी एवढा ओरडतो?" मी विचारलं.

"हो," दोघं एकदम म्हणाली.

मी बाईंना म्हटलं, "मग कापायची अक्कल माझी आहे की यात."

"अक्कल तुमचीच," बाई म्हणाल्या. "पण कॉपीराइट अकलेवर मिळत नाही, लिहिण्यावर मिळतो. ही ओळन्‌ओळ लिहिली कोणी?"

"हिने."

"मग लेखक त्याच. इथे दुसरं नाव घालणं म्हणजे खोटं लिहिणं. प्रश्न मालकीचा आहे. कॉम्प्युटर दुकानाचा. पगार नव्हता, तरी उद्या दुकान हक्क सांगू शकतं. सांगणार असाल तर आत्ता बोला. नसाल तर तसं लिहून द्या."

मुलगा माझ्या कानाशी आला. "बाबा, दुकानाचं नाव राहू दे. मशीनवाला दुकानाशीच बोलला होता. पुढेमागे धंद्याला..."

सून खिडकीबाहेर बघत होती. काही मागत नव्हती, पण मान ताठ होती.

मी मुलाला म्हटलं, "मी तुला काच कापायला शिकवली. तू कापलेल्या आरशावर मी कधी माझा म्हणून हक्क सांगितला?"

"नाही."

"मग हिने काय घोडं मारलंय? हिलाही मीच शिकवलंय. बाई, काढा कागद."

बाईंनी मजकूर टाइप करून वाचून दाखवला. दुकानाचा या प्रोग्रॅमवर हक्क नाही, लेखिका आणि मालक एकच. मी सही केली. माझी सही वाकडीतिकडी, पण त्या दिवशी हिरकणी ओढावी तशी एका दमात सरळ गेली.

"सहीखाली तुमची ओळख लिहावी लागेल," बाई म्हणाल्या. "दुकानाचे मालक, एवढं पुरे."

"ते लिहा. आणि पुढे लिहा, लेखिकेचे सासरे."

"त्याची गरज नसते हो."

"तुम्हाला नसेल. मला आहे."

बाईंनी लिहिलं आणि नवा कोरा अर्ज पुढे ठेवला. सुनेने पेन घेतलं आणि लेखकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. सावकाश, एकेक अक्षर. मग अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बाबा, नीट बसलंय का बघा."

मी चष्मा लावला आणि शीट तपासतो तसा कागद उजेडाकडे धरून चारी कडांनी बघितला.

"चोख," मी म्हटलं. "पुसू नका रे कोणी."