बोलणारं मशीन पाहिजे

दिवाळी तोंडावर आली आणि त्र्यंबकरावांचं जीपीएस मुकं झालं.

दिवाळीनंतर हैदराबादला जायचं ठरलं होतं. तिथं त्यांची मुलगी श्रद्धा राहायची. रेल्वेनं जाता आलं असतं, पण रेल्वेचं नाव काढलं की त्र्यंबकरावांचा चेहरा कोणी शिळी भाकर वाढल्यासारखा व्हायचा. पीडब्ल्यूडीतून रिटायर झाले त्याच वर्षी त्यांनी गाडी घेतली होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते आणि त्यांची बायको प्रमोदिनीबाई कुठं ना कुठं लांब जायचे. पचमढी झाली, उज्जैन झालं, मागल्या वर्षी तर दोघं थेट पुरीला जाऊन आले. बालाघाटच्या त्यांच्या कॉलनीत एवढं फिरणारं दुसरं म्हातारं जोडपं नव्हतं, आणि ही गोष्ट त्र्यंबकराव कोणाला विसरू देत नसत.

ते मशीन श्रद्धानंच दिलेलं. काचेला चिकटवायचं, तळहाताएवढं. पडद्यावर रस्ता दिसायचा आणि आतली एक बाई हिंदीत सांगायची, आगे से बाएँ मुड़िए. आता बाईचा आवाज बसला होता. पडदा मात्र ठणठणीत होता. त्यावरची छोटी निळी गाडी रस्त्यावरून पहिल्यासारखीच सरकत होती.

श्रद्धाचा फोन आला तेव्हा तिनं हेच विचारलं. "बाबा, स्क्रीन चालू आहे ना? मग आई बघून सांगेल."

"तुझ्या आईले डावं-उजवं समजत नाही."

प्रमोदिनीबाई तिथंच पलंगावर लसूण सोलत बसल्या होत्या. "मले समजते सगळं," त्या मोठ्यानं म्हणाल्या, फोनमधून ऐकू जावं म्हणून. "हिकडे म्हटलं का हिकडे वळा, तिकडे म्हटलं का तिकडे. हात दाखवते ना मी!"

"हौ. अन् मी रस्त्याकडे पाहू का तुझ्या हाताकडे?"

"तर मग तुमीच पाहा ना त्या पडद्यावर. डोळ्यांसमोर तर लावलं हाय."

त्र्यंबकरावांनी फोन ठेवून दिला. नवीन घ्यायचं, विषय संपला, असं म्हणाले आणि आंघोळीला निघून गेले.

विषय संपला नाही. खरं तर तिथून सुरू झाला.

काली पुतली चौकाजवळ शालिकरामचं मोबाईलचं दुकान होतं. बालाघाटात असली मशीनं कोणी ठेवत नसे, पण शालिकराम नागपूरहून मागवून द्यायचा. त्यानं पहिलं मागवलं, ते त्र्यंबकरावांनी दुसऱ्याच दिवशी परत नेलं. आवाज बारीक आहे म्हणाले. दुसरं आलं, ते इंग्रजीत बोलायचं आणि अंतर यार्डात सांगायचं. तिसऱ्याचा आवाज खणखणीत होता. प्रमोदिनीबाईंना वाटलं, सुटलो. पण ते मशीन वळण आल्यावर वळायला सांगतं, आधी सांगत नाही, असं त्र्यंबकरावांचं म्हणणं पडलं. ते सिद्ध करायला त्यांनी बायकोला गाडीत बसवलं आणि चौकाला फेऱ्या मारायला लागले.

प्रमोदिनीबाई बाजारातून परतत होत्या. मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या, पायाशी कोहळं होतं, आणि प्रत्येक वळणावर कोहळं घरंगळून पायावर येत होतं.

"ऐकलं? आता बोलली. आता! वळण निघून गेल्यावर!"

"अहो, तुमाले हा चौक माहीत नाही काय? जन्म गेला इथं."

"चौकाचा प्रश्न नाही."

शेवटी वाहतुकीच्या शिपायानं गाडी थांबवली. आत वाकून त्यानं अदबीनं विचारलं, "अंकल, कुछ ढूँढ रहे हैं क्या?"

तिसरंही परत गेलं. त्या दिवशी शालिकरामनं त्र्यंबकरावांशी बोलणंच सोडलं आणि मागं उभ्या असलेल्या प्रमोदिनीबाईंकडे वळला. "भाभीजी, साहब को चाहिए क्या, आप ही बता दो."

"मले समजलं असतं तर तुमाले सांगितलं नसतं काय भाऊ?"

"यहाँ नहीं मिलेगा. नागपुर जाके खुद देख लो."

म्हणजे नागपूर. प्रमोदिनीबाईंच्या घरी फराळाचं काहीच झालं नव्हतं. अनारशाचे तांदूळ भिजत घातले होते. तरी सकाळी लवकर डबा बांधून त्या गाडीत बसल्या. एकट्याला पाठवलं तर हा माणूस सगळा बाजार पालथा घालून हात हलवत परत येईल, हे त्यांना ठाऊक होतं.

वारासिवनी मागं पडलं तसं त्र्यंबकरावांनी सुरू केलं. "बोर्ड काय म्हणते?"

"कटंगी म्हणते."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता काय म्हणते?"

"तुमी वाचा ना. एवढा मोठा हिरवा बोर्ड हाय."

"मी गाडी चालवून राह्यलो."

पुरीच्या वाटेवरही हेच चाललं होतं. तेव्हा प्रमोदिनीबाईंना वाटायचं, आपल्याला झोप लागू नये म्हणून विचारतात. आता त्यांना नुसता वैताग आला. त्यांनी डोळे मिटले. ते उघडले गाडीला बसलेल्या हिसक्यानं. पुढं धानानं भरलेली बैलगाडी होती, बोनेटपासून हातभर अंतरावर. गाडीवान मागं वळून शिव्या देत होता.

"अहो, पाहत नाही काय!"

"सावली होती तिथं. ब्रेक लागले ना? मग?"

सीताबर्डीच्या दुकानात थंडगार एसी होता. काउंटरवर मंजू नावाची मुलगी होती, नाव छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं. तिनं न कंटाळता एकेक मशीन काढून ठेवलं. त्र्यंबकराव प्रत्येकाला कान लावून ऐकत होते, जसं लोक टरबूज वाजवून पाहतात. याचा आवाज किनरा, ती बाई घाई करते, हा बुवा नाकात बोलतो. प्रमोदिनीबाईंनी स्टुलावर बसून चप्पल काढली. त्यांच्या मनात अनारशाचे तांदूळ आंबत होते.

मग त्र्यंबकरावांनी काउंटरच्या कडेला ठेवलेलं एक मशीन स्वतःच उचललं. मोठ्या पडद्याचं. अंगठ्यानं पडदा दाबला, पुन्हा दाबला, मग नखानं टकटक केली.

"हे काहून अटकलं? नकाशा दिसून राह्यला, पण हालत नाही."

मंजूला हसू आवरलं नाही. "अंकल, वो तो डमी है. उसपे कागज चिपका है, छपा हुआ."

दुकानातले दोघं-तिघंही हसले. त्र्यंबकरावही हसले, जरा उशिरा. "मले माहीत हाय. मजा करून राह्यलो होतो."

प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून ते मशीन हातात घेतलं. पडद्यावर कागदाचा तुकडा होता. एक कोपरा उचकटलेला, मधोमध ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं, 'केवल नमूना'. कोणालाही दारातून दिसलं असतं.

त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला दुकानाबाहेर आणलं.

"समोरच्या दुकानाचं नाव वाचा."

"हे काय नाटक हाय?"

"वाचा."

समोर साड्यांचं दुकान होतं. पाटी अख्ख्या मजल्याएवढी. त्र्यंबकरावांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली. लोक धक्का देऊन जात होते. "कपड्याचं दुकान हाय," ते म्हणाले. बाहेर टांगलेल्या साड्यांचे रंग तेवढे त्यांना दिसले असावेत.

सकाळचा सगळा रस्ता प्रमोदिनीबाईंच्या डोळ्यांसमोरून गेला. बैलगाडी, मग नदीवरचा पूल, मग नागपूरची रहदारी. आणि मागं पुरीपर्यंतचा सगळा रस्ता.

"कधीपासून?"

"थोडं धुकं वाटते. सकाळी जास्त."

"कधीपासून म्हणते मी!"

"पुरीच्या आधीपासून," त्र्यंबकराव म्हणाले. "बोर्ड दिसत नाही. रस्ता दिसते. बाई बोलली का जमते मले. म्हणून तर बोलणारं पाहिजे ना!" शेवटचं वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं जसं काही एवढे दिवस साधी गोष्ट मागत असून कोणी समजूनच घेत नव्हतं.

प्रमोदिनीबाईंचा आवाज एवढा चढला की फुटपाथवर घड्याळं विकणाराही थांबून ऐकायला लागला. "मले मारून टाकलं असतं तुमी! त्या बैलांले मारलं असतं! अन् शालिकरामच्या मशीनचा आवाज बारीक म्हणता? डोळे दाखवायचं सोडून चौकात गरगर फिरवलं मले कोहळ्यासंगं!"

"हळू बोल."

"नाही बोलत हळू! किल्ली द्या."

"तुले चालवता येते काय?"

"नाही येत. द्या किल्ली."

त्र्यंबकरावांनी किल्ली दिली नाही. तिथंच लावलेल्या गाडीला टेकून उभे राहिले. रहदारीकडे तोंड करून म्हणाले, "शंकरदादाचं काय झालं, माहीत हाय ना तुले?"

शंकरदादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. फार वर्षांपूर्वी गावात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथं त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि दोन्ही डोळे पू होऊन गेले. पुढं ते ओसरीवर बसून असायचे, कोणी आलं की हात पुढं करून चेहरा चाचपायचे.

"डॉक्टरकडे गेलो का तो कापा म्हणते," त्र्यंबकराव म्हणाले. "अन् श्रद्धाले समजलं का ती गाडी विका म्हणते. मग काय? दोघं घरात बसून टीव्ही पाहू? दिसला तर."

प्रमोदिनीबाईंना त्यांची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला. एवढी भीती मनात धरून हा माणूस आपल्याला ओरिसापर्यंत घेऊन गेला, आणि आपण शेजारी बसून चिवडा खात होतो.

"आज गाडी इथून हालणार नाही," त्या म्हणाल्या. "मी बसत नाही. अन् तुमी एकटे बसले तर मी चाकासमोर बसते."

त्या खरंच बसतील, याबद्दल त्र्यंबकरावांना शंका नव्हती. त्यांनी किल्ली दिली.

नागपुरात प्रमोदिनीबाईंचा भाचा देवेंद्र राहत होता. प्रमोदिनीबाईंनी फोन केल्यावर तो ऑफिसमधून आला आणि आत्यानं पुढं केलेली किल्ली त्यानं खिशात टाकली. संध्याकाळी तो दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत दोन्ही डोळे पाहिले. मोतीबिंदू दोन्हीकडे चांगलाच पिकला होता.

"बालाघाटहून आलात? कशानं?"

"गाडीनं," त्र्यंबकराव म्हणाले.

"कोण चालवत होतं?"

प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर करून पाहिलं, आणि मग त्र्यंबकरावांना जे काही ऐकवलं त्यात प्रमोदिनीबाईंना आपल्याकडून भर घालायला काहीच उरलं नाही. शंकरदादाची गोष्ट मात्र बाईंनी पूर्ण ऐकून घेतली. तेव्हाचं तंत्र वेगळं होतं, आता टाकेसुद्धा लागत नाहीत, असं समजावलं. त्र्यंबकराव खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "एक डोळा आधी करा. तो ठीक झाला तर दुसरा."

दिवाळी ऑपरेशन झालेल्या त्या डोळ्यात थेंब टाकण्यात गेली. अनारसे झाले नाहीत. गाडी देवेंद्रनं बालाघाटला आणून सोडली. पहिला डोळा ठीक निघाला, मग महिन्याभरानं दुसराही झाला, आणि प्रमोदिनीबाईंना वाटलं, आता तरी घरात शांतता नांदेल.

पण त्र्यंबकरावांना दिसायला लागलं होतं. छताच्या कोपऱ्यातली जाळी त्यांना दिसली. गॅसच्या ओट्यामागचा तेलकट डाग दिसला. भातातला खडा ताटात पडण्याआधी दिसला. "घर असं कधीपासून ठेवून राह्यली तू?" असं त्यांनी एका सकाळी विचारलं. प्रमोदिनीबाईंनी झाडू त्यांच्या हातात दिला आणि त्या शेजारच्या कमलाबाईंकडे जाऊन बसल्या.

त्याच दिवशी तिथून उठून त्या शालिकरामच्या दुकानात गेल्या. एकट्याच. त्यांना पाहून शालिकरामनं आधी काउंटरवरची सगळी मशीनं दुसरीकडे सरकवली.

"घाबरू नका भाऊ. या वेळी मी पसंत करते."

"साहब?"

"साहेब घरी झाडून राह्यले."

कोणतं मशीन कसं बोलतं, हे त्यांनी विचारलंच नाही. ज्याच्या पडद्यावर बाण सगळ्यात मोठा दिसतो ते द्या म्हणाल्या. डावं-उजवं म्हणायची गरज नको, बाण जिकडे असेल तिकडे बोट दाखवता आलं पाहिजे. शालिकरामनं एक लावून दाखवलं. बाण जाड होता, केळ्याएवढा. त्यांनी ते घेतलं आणि खोका तिथंच फोडून टाकून दिला, परत करायची सोयच नको म्हणून.

घरी त्र्यंबकरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "आवाज पाहिला काय?"

"नाही."

"मेमरी किती?"

"माहीत नाही."

"अन् बालाघाट ते बैहर रस्ता पाह, उकव्याजवळ सरळ दाखवला हाय यानं. तिथं केवढं वळण हाय! मी स्वतः उभा राहून करून घेतलतं ते वळण. परत कर हे."

"हैदराबादले उकव्यावरून जाते काय आपुन?"

जानेवारीत ते निघाले. डॉक्टरीणबाईंनी तपासून परवानगी दिली होती, श्रद्धानं रडून आणि रागावून झाल्यावर दिली होती. दिवसाउजेडी चालवायचं आणि रात्री मुक्काम करायचा, ही अट होती आणि ती पाळली गेली. आदिलाबादच्या पुढं मशीन एकीकडे म्हणालं, त्र्यंबकराव दुसरीकडे म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी बाणाकडे बोट दाखवलं. ते त्र्यंबकरावांनी पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि तरी आपल्याला हवं तिकडेच वळले. त्यांचा रस्ता एका कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी संपला.

श्रद्धानं दार उघडलं तेव्हा दोघंही धुळीनं माखलेले होते.

"आई, प्रवास कसा झाला?"

"मले पहिले पाणी दे," प्रमोदिनीबाई सोफ्यावर बसत म्हणाल्या. "अन् तुझ्या बाबांले माझ्या संगं बोलू देऊ नको, जेवण होईपर्यंत."