विचारून आणलेली गोष्ट

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी एक रडगाणं हमखास ऐकू येतं. पोरांना मराठी समजतं, पण बोलत नाहीत! टोकियोच्या ओजिमा भागातल्या कश्मिराच्या घरीही तेच. सात वर्षांची कादंबरी आईला जपानीत उत्तर द्यायची आणि बाबांना नुसते खांदे उडवून दाखवायची. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलायची वेळ आली की तिला नेमकी झोप यायची.

अशातच तिथल्या वाचनालयातल्या मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, यांनी कश्मिराला विचारलं, "आमच्याकडे मुलांना वेगवेगळ्या भाषांतल्या गोष्टी वाचून दाखवतात. तुम्ही मराठी चित्रपुस्तक वाचाल का?" कश्मिराला आकाश ठेंगणं झालं. पुण्यात ती चांगली ग्राफिक डिझायनर होती. नवऱ्याला, अनुरागला, कंपनीने टोकियोला पाठवलं आणि तिचं काम सुटलं ते सुटलंच. आता कोणी विचारलं, तर ती नुसतं वाचून थोडीच थांबणार! पुस्तकच करते म्हणाली.

मोरिता-साननी नमुन्यादाखल एक पुस्तक हातात ठेवलं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची गोष्ट, त्यांच्यातल्याच एका चित्रकर्तीने ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली आणि जपानीत उतरवलेली. कश्मिराने पहिलं पान उलटलं आणि ती थेट चित्रांत शिरली. वाळूचे रंग, पाणवठा, सापाची वळणं! तिच्या मनात आलं, आपल्याकडे वारली आहे की. त्रिकोणावर त्रिकोण, काड्यांचे हातपाय, झालं चित्र.

महिनाभर खपून तिने पुस्तक तयार केलं. जंगलातला एक ससा तारपा हे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य शिकतो, अशी गोष्ट तिने स्वतःच रचली. मुखपृष्ठावर नक्षीदार चौकट घेतली ती घरातल्या उशीच्या अभ्र्यावरून. अभ्र्यावर चौकटीच्या मधोमध एक बाई होती. तिला काढून कश्मिराने तिथे मोठ्या डोळ्यांचा गुबगुबीत ससा बसवला. कादंबरीने तो पाहून "कावाई!" म्हणजे 'किती गोंडस!' म्हणून टाळ्या पिटल्या. मग आईला आणखी काय हवं? सोमवारी छपाईला द्यायचं ठरलं.

शुक्रवारी विभा आली. विभा खरपडे, कश्मिराची पुण्याच्या हॉस्टेलमधली रूममेट. आता क्योतोच्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होती आणि परिषदेसाठी टोकियोत आली होती. जेवणं झाल्यावर कश्मिराने मोठ्या हौसेने पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

विभाने मुखपृष्ठ पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पानं उलटता उलटता एका ओळीवर ती थांबली. "जंगलात राहणारे भोळेभाबडे वारली लोक," तिने मोठ्याने वाचलं आणि हसली. "अगं, माझा भाऊ तलाठी आहे. त्याला एकदा भेट, मग भोळेपणाचं बोल."

"तुझा भाऊ? त्याचा काय संबंध?"

"आम्ही वारलीच आहोत, कश्मिरा. तलासरीजवळचे."

कश्मिरा पाहतच राहिली. दोन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या दोघी! एका ताटातली मॅगी खाल्ली, एकमेकींचे ड्रेस घातले, रात्र रात्र गप्पा झोडल्या. आणि हे माहीत नाही?

"तू कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलं नाहीस," विभा शांतपणे म्हणाली. "आणि मलाही तेव्हा सांगायची लाज वाटायची. मेसमध्ये मुली आदिवासींवर जोक करायच्या, मी पण हसायचे. जाऊ दे. पण हे मुखपृष्ठ बघ. हा आमचा लग्नाचा चौक आहे. लग्नघरात सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर तो लिहितात. आम्ही काढला म्हणत नाही, लिहिला म्हणतो. मध्ये पालघट देवी असते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणते तेव्हा लग्न लागतं. माझी मावशी धवलेरी आहे. आणि तू देवीला उठवून ससा बसवलायस!"

कश्मिराचे कान तापले. चूक कळत होती, पण महिन्याभराची मेहनत डोळ्यांपुढे होती. "मला काय माहीत? अभ्र्यावर होतं गं ते! आणि कला सगळ्यांची असते ना? मी चांगल्यासाठीच केलंय. मुलांना आपली संस्कृती कळावी म्हणून!"

"आणि इथे टोकियोत कोणाला कळणार आहे?" अनुरागने आपल्या परीने मदत केली. "अशी किती डिझाइन्स फिरतात इंटरनेटवर. चिल, विभा."

विभा चिडली नाही. हेच तिचं मोठेपण. ती म्हणाली, "अनुराग, तुमच्या देव्हाऱ्यातला कुलदेवीचा टाक कुणी कीचेन म्हणून विकला, आणि वर म्हणाला, तुमचीच संस्कृती पसरवतोय, तर? देवी कोणती, घर कोणाचं, काही विचारलं नाही. कसं वाटेल?"

अनुरागने रिकामा तांब्या उचलला. पाणी आणायच्या निमित्ताने तो उठला.

मग विभाने टेबलावरचं ते ऑस्ट्रेलियाचं पुस्तक उघडलं. "हे पहिलं पान वाचलंस?"

"त्यात काय, आभार-बिभार असतील."

विभाने सावकाश जपानी वाचून अर्थ सांगितला. ही गोष्ट अमुक पाणवठ्याजवळच्या कुटुंबांची आहे. ती अमुक आजीने सांगितली. छापायला त्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी परवानगी दिली. काही भाग बाहेरच्यांना सांगायचा नसतो, म्हणून तो इथे घेतलेला नाही. "चित्रं सुंदर आहेतच गं," विभा म्हणाली, "पण पुस्तकाची इभ्रत या पानात आहे. आणि आपण नेमकं तेच पान उलटून पुढे जातो."

कश्मिराच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक फुकट गेलं म्हणून नव्हे. जी मुलगी दोन वर्षं शेजारच्या कॉटवर झोपत होती, तिचं घर कसं आहे हे आपण कधी विचारलंसुद्धा नाही! आणि तिच्या माणसांवर पुस्तक करायला निघालो! "किती आंधळी गं मी!" ती म्हणाली. "सोमवारी छापत नाही. पण मोरिता-सानना शब्द दिलाय. आता काय करू?"

"विचार की. फोन कशाला असतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी विभाने मावशीला व्हिडिओ कॉल लावला. सोमीबाई अंगणात बसल्या होत्या. त्या वारली बोलीत बोलत, विभा मराठीत सांगे. कश्मिराने घाबरत घाबरत सगळं कबूल केलं. सशाचं ऐकून सोमीबाई आधी गंभीर झाल्या आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की फोन हलायला लागला.

मग मात्र त्यांनी एकेक सांगितलं. चौक पुस्तकात नको, तो लग्नघरातच राहू दे. तारप्याचा नाच चालेल, पण कश्मिराने काढलेली माणसं तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करून नाचत होती. "तारप्याला पाठ दाखवायची नसते. शिकवलं नाही का कोणी?" एक गोष्ट त्यांनी सुरू केली आणि मध्येच थांबवली. ही कापणीनंतरच सांगायची असते म्हणाल्या. तिच्याऐवजी त्यांनी भाताच्या बांधावरच्या हट्टी खेकड्याची गोष्ट दिली. ती त्यांच्या आजीची होती. बदल्यात काय द्यायचं? पुस्तकावर त्यांचं आणि गावाचं नाव हवं, आणि गावच्या आश्रमशाळेला पुस्तकं पाठवायची.

कश्मिराने सगळं नव्याने काढलं. चित्र झालं की ती विभाच्या भावाकडे पाठवायची, तो मावशीला दाखवायचा, आणि "खेकड्याचे पाय मोज" असा निरोप यायचा. कार्यक्रमाची तारीख मोरिता-साननी आनंदाने पुढे ढकलली. कारण ऐकल्यावर त्या खुर्चीतून उठून कश्मिरापुढे वाकल्या.

वाचनाच्या दिवशी मराठी आणि जपानी मुलं सतरंजीवर दाटीने बसली. कश्मिराने पहिलं पान आधी वाचलं. "ही गोष्ट तलासरीजवळ राहणाऱ्या सोमीबाईंच्या आजीची. त्यांनी आपल्याला ऐकायला दिली." मग खेकडा आला आणि मुलं हसून लोळली. गोष्ट संपताच कादंबरी उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, मला सोमीआजीशी बोलायचंय. अजून आहे का गोष्ट, विचारते."

संध्याकाळी फोन लागला, क्योतोहून विभाही त्यावर आली. कादंबरीने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं. सोमीबाईंना ते समजलं. त्या जे म्हणाल्या ते विभाने सांगितलं: "विचारलंस म्हणून देते. आता कापणी झाली आहे, ती राहिलेली गोष्ट ऐक."

वाचकहो, आपण शिकलेसवरले लोक दुसऱ्याच्या घरातली सुंदर वस्तू पाहतो आणि खुशाल उचलतो. अभ्र्यावर छापतो, भिंतीवर रंगवतो, वर कौतुक केल्याचा मानही मिरवतो. ती कोणाची, हे विचारायला दोन शब्द लागतात. आपल्या शेजारच्या कॉटवर, शेजारच्या टेबलावर, शेजारच्या घरात ज्यांच्या या गोष्टी आहेत ती माणसं बसलेली असतात. आधी त्यांना त्यांचं घर विचारा! उचललेलं चित्र एकदा वापरून जुनं होतं. विचारून घेतलंत तर माणूस मिळतो, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं खूप काही असतं.